डोळ्याचं माहेरपण

मोतीबिंदू काढला की डोळा सव्वा महिना विश्रांतीला जातो. बायकांचा माहेरी, पुरुषांचा आजोळी. माझा उजवा डोळा न्यायला धाकटा भाऊ तातोबा पाटणहून कऱ्हाडला आला. चहा घेतला आणि डोळा सदऱ्याच्या वरच्या खिशात ठेवून दुपारच्या एसटीनं गेला. त्याला खिडकीची जागा मिळाली, ते मला इथं घरात बसून दिसलं.

डोळा परतल्याशिवाय चष्म्याचा नंबर काढत नाहीत. शेजारच्या निवृत्ती पोळांनी घाई केली. तेव्हापासून चष्मा लावला की त्यांना मामाचा गोठा स्वच्छ दिसतो आणि बायको दिसत नाही. त्यांची तक्रार नाही. बायकोची आहे.

तरी मलाही घाई होती. डाव्या डोळ्याला अक्षर लागत नाही, म्हणून सून पेपर वाचून दाखवायची. प्रमिला गुणी आहे, पण मला झेपणार नाही असं वाटलं की ती बातमी गाळते. मी किराणाच्या पुड्यांचे कागद उलगडून एकटीनं वाचायला शिकलेली बाई. मला काय झेपतं ते मी ठरवणार.

पंधरवड्यातच मी डॉक्टर शेंडग्यांकडे गेले आणि नंबर काढा म्हटलं.

"आजी, डोळा तिथं रमलाय. बोलावलात तर येईल, पण मागंच बघत राहील," ते म्हणाले.

डोळा माझा आहे, असं त्यांना सुनावून मी घरी आले आणि तातोबाला फोन करून बजावलं, की उद्या सकाळी डोळा घेऊन ये.

"आणतो की अक्का. पण सकाळचा तो घरात नसतो."

"मग कुठं असतो?"

"तुझाच डोळा. तूच बघ."

खरं होतं. सकाळी माझं सगळं ध्यान प्रमिलानं काय गाळलं याच्याकडे. त्या वेळी उजवीकडे मी कधी बघितलंच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी पेपर बाजूला ठेवायला लावला आणि बघितलं. गावची मराठी शाळा होती. डोळा पहिलीच्या वर्गात, अगदी पुढं बसला होता. पोरांनी त्याला सरकून जागा दिली होती. बाई फळ्यावर मोठं अक्षर काढत होत्या. त्याच शाळेच्या पायरीवरून वडिलांनी मला दंडाला धरून परत आणलं होतं, तान्ह्या तातोबाला सांभाळायला. आता तातोबा रोज डोळ्याला तिथं सोडतो आणि सुटेपर्यंत बाहेर उभा राहतो.

त्याला म्हटलं, राहू दे.

प्रमिलाला सांगितलं, तूच वाच, पण गाळलंस तर मला आवाजावरून कळतं. मग डॉक्टरांकडे जाऊन वार्षिक परीक्षा झाल्याशिवाय नंबर काढायचा नाही म्हणून सांगितलं.

"कितवीत आहे?" त्यांनी विचारलं.

"पहिलीत."

"मग निकाल लागू द्या," डॉक्टर म्हणाले. "दुसरीच्या पुस्तकातलं अक्षर जरा बारीक असतं. चष्मा त्यालाच बसेल असा करू."