परतीच्या बोलीवर

आमच्या समोरच्या फ्लॅटमधल्या गुरवकाकांनी एकदा कॅनडाला बिडाचा तवा पाठवला. पोस्टाने. सोबत थालीपिठाची भाजणी होती, पण ती असून असून किती असणार? वजन सगळं तव्याचं.

"काका, तवे तिकडेही मिळतात की," मी म्हटलं.

"मिळू देत. त्यावर आमचं नाव आहे का?"

काका मूळचे साताऱ्याकडचे. बेलापूरच्या एका सरकारी कचेरीत त्यांनी स्टोअर सांभाळण्यात नोकरी काढली. निवृत्त होताना कपाटांच्या किल्ल्या दिल्या, स्वभाव मात्र घरी घेऊन आले. सोसायटीत कुणी शिडी मागो, पाना मागो, छत्री मागो, ते नाही म्हणत नाहीत. फक्त दारातच बजावतात, "परतीच्या बोलीवर हं!" माझी बायको एकदा विरजण मागायला गेली, तर तिलाही तेच.

"अहो काका, विरजण परत कसं करू?"

"दही लागलं की वाटीभर आणायचं. त्यात काय अवघड आहे?"

त्यांचा मुलगा समीर कॅनडाला निघाला, तेव्हा सोसायटीच्या गेटपाशी सगळे त्याचं अभिनंदन करत होते. काका म्हणाले, "परतीच्या बोलीवर धाडतोय." आम्ही हसलो. समीरही हसला, आणि टॅक्सीत बसला.

पुढे काकू गेल्या. समीर आला, बापाच्या गळ्यात पडून रडला, तेरावं झालं आणि दुसऱ्या दिवशी गेला. त्यानंतर तो आलेला नाही. फोन करतो. फोन करायला काय जातंय!

मग काकांची पार्सलं सुरू झाली. एकेका स्टीलच्या डब्यात चिवडा, शेंगदाण्याची चटणी, मेतकूट. डब्यांवर ठिपक्याठिपक्यांनी कोरलेलं, 'सौ. मंगल द. गुरव'. काका स्वतः दाभण घेऊन मांजरपाट शिवायचे आणि माझ्या स्कूटरवर मागे, मांडीवर तो गठ्ठा घेऊन बसायचे. खड्डा आला की मला शिव्या.

पोस्टातल्या बाई त्यांना पाहिलं की आधी पाणी प्यायच्या.

"काका, प्लास्टिकच्या पिशवीत भरा ना. वजन किती वाचेल!"

"पिशवी कोण परत करतंय?"

"बरं. डबा गिफ्ट लिहू?"

"गिफ्ट न्हाई. उसना."

"परदेशी पार्सलला उसना नसतं हो काका. गिफ्ट, सॅम्पल, नाहीतर विक्री. बोला."

"मग चिवडा गिफ्ट लिवा. डबा उसना."

मागची रांग चुळबुळायला लागली. "अंकल, जल्दी करो ना," कुणीतरी ओरडलं. बाईंनी शेवटी सरसकट गिफ्ट लिहून टाकलं. काका परत येताना स्कूटरवर घुश्शात होते. "भेट दिली की विषय संपला. आपण संपवायला दिलंय का?"

सोसायटीत याची टिंगल व्हायची. मीही करायचो. म्हाताऱ्याचं डोकं फिरलंय, असं एकमत होतं. समीरचंही. त्याने एकदा मलाच फोन केला.

"दादा, बाबांना समजवा ना. इथे एवढा चिवडा कुणी खात नाही. आणि या डब्यांचं मी काय करू? कपाटं भरलीत."

"मग आणून दे एकदा," मी म्हटलं.

"अहो, सुट्टी कुठेय!" असं म्हणून तो हसला. हसणं अगदी लहानपणी होतं तसंच. म्हणून मला जास्तच राग आला.

याच सुमाराला काकांना ताप भरला. बायकोने मला पेज करून द्यायला त्यांच्याकडे पाठवलं. मी स्वयंपाकघरात गेलो आणि पातेलं शोधायला लागलो. मांडणी रिकामी. मीठ कागदाच्या पुडीत, साखर दुधाच्या धुतलेल्या पिशवीत, डाळ दुकानातून आणली तशीच, तोंडाला रबर लावून. एक चहाचं भांडं, एक ताट आणि एक पेला. एके काळी याच घरातून आम्ही सत्यनारायणाला भांडी नेत होतो.

"काका, भांडी कुठेत?"

"तिकडं," पांघरुणातून आवाज आला.

"सगळी?"

"एखाद्या डब्यासाठी कोण येतंय? एवढी भांडी साठली की कुनालाबी लाजंनं यायला लागतंय." मग म्हणाले, "त्याच्या आईची हायेत. टाकून तर देणार न्हाई."

चहाच्या भांड्यात मी पेज केली. चमचा मात्र आमच्याकडून आणावा लागला. मी चिडलो होतो, पण कुणावर चिडावं ते कळत नव्हतं. तापाने फणफणलेल्या माणसावर चिडता येत नाही, आणि दुसरा समोर नव्हता.

ताप उतरल्यावर काही दिवसांनी पोस्टमन एक भलंमोठं खोकं घेऊन वर आला. कॅनडाचे शिक्के. काकांनी सही केली आणि आमचं दार वाजवलं. "समीरनं काहीतरी धाडलंय. कात्री आना."

आत डबे होते. झाडून सगळे. लखलखीत घासलेले, एकेक फुग्याफुग्यांच्या प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला. तळाशी पातेली आणि तवा. पोरगा निगुतीचा, नाही कशाला म्हणा. एकालाही पोचा नव्हता. तिकडचं पोस्ट म्हणे घरी येऊन पार्सल उचलून नेतं.

काकांनी पहिल्या डब्याचं झाकण उघडलं, आत पाहिलं, परत लावलं. मग दुसरा. मग तिसरा. ते काय शोधत होते ते माझ्या बायकोला माझ्याआधी कळलं. आपल्याकडे कुणाचं भांडं रिकामं परत करत नाहीत. काही नाही तर चिमूटभर साखर तरी घालतात. काकू तर आमची वाटीसुद्धा कधी रिकामी पाठवत नसत.

काकांनी सगळे डबे उघडून पाहिले.

"मेल्यानं साखरेचा एक दाणा तरी टाकायचा!" बायकोला राहवलं नाही.

"न्हाई, न्हाई," काका घाईघाईने म्हणाले. "साखर टाकली तर कस्टमवाले अडवत असतील. त्याचा काय दोष?"

तेवढ्यात समीरचाच फोन आला. काकांनी तो स्पीकरवर टाकला. त्यांना कानाशी धरून ऐकू येत नाही.

"मिळाले ना बाबा? सगळे मोजून पाठवलेत. आता तुम्हाला टेन्शन नाही."

"न्हाई. कसलं टेन्शन?" काका म्हणाले. "एकबी चेपला न्हाई बघ. तू कसा आहेस?"

तो मजेत होता. मीटिंगला चालला होता.

ते डबे काकांनी मांडणीवर लावले नाहीत. काही दिवस खोकं तसंच दारापाशी पडून होतं. मग एका सकाळी ते डबाभर चिवडा घेऊन आमच्याकडे आले. खालच्या मजल्यावर चटणी गेली, वॉचमनच्या केबिनमध्ये मेतकूट. होता होता सगळे डबे सोसायटीभर पांगले. लोक म्हणाले, म्हातारा सुधारला, पोस्टाचा नाद सुटला.

आमचा चिवडा दोन दिवसांत संपला. बायकोने डबा घासला, त्यात रव्याचे लाडू भरले आणि "देऊन या" म्हणाली. मी लाडू ताटलीत काढून नेऊन दिले आणि डबा माळ्यावर टाकला. 

काका रोज संध्याकाळी बेल वाजवतात.

"डबा झाला का रिकामा?"

"नाही हो काका, अजून आहे थोडा चिवडा. आत या ना."

एवढे दिवस चिवडा कुणाचा टिकतो? काका काय खुळे आहेत? ते चपला काढतात, पंख्याखालची खुर्ची धरतात आणि विचारतात, "चहा टाकलाय का?"

समीर तिकडे मोठा इंजिनिअर आहे म्हणतात. असेल.