पहिला कुणाला बघून उतरतो?

मुलांना बाकावर उभं करणारे मास्तर खंडीभर मिळतील. स्वतः बाकावर उभे राहून शिकवणारे आमच्या पोलादपूरच्या शाळेतले जाधव सर एकटेच. शिकवत काय, तर लेसर. तो अभ्यासक्रमात नव्हता आणि सरांनीही उभ्या जन्मात पाहिला नव्हता. मी शेजारच्या वर्गातला मराठीचा मास्तर, पण मला तो पाठ झाला होता.

"मी अणू," सर वरून सांगत. "ऊर्जा मिळाली, वर चढलो. आता माझ्या मापाचा प्रकाश जवळून गेला की मी उतरणार, आणि हुबेहूब तसाच प्रकाश देणार. त्याच दिशेनं, त्याच पावलानं."

मापाचा प्रकाश म्हणजे एक नेमका प्रश्न. तो कुणी विचारला तरच उतरायचं, हा सरांचा नियम. मुलं विचारत, "सर, ह्ये परीक्षेला हाय का?" एकदा हेडमास्तर बोलवायला आले. "साहेब, तुमचं माप वेगळं," म्हणून सर वरच राहिले. शेवटी घंटा झाली की हिरमुसून उतरत.

मुंबईची नोकरी सोडून ते कशेडी घाटाखालच्या आपल्या वाडीत परतले होते. बायकामुलं तिकडेच राहिली. गावात याला वेड म्हणत, आणि खरं सांगायचं तर मीही म्हणत असे.

निवृत्तीच्या दिवशी त्यांनी हारतुरे नाकारले आणि लेसर मागितला. सगळा वर्ग बाकांवर चढला, सरही चढले. उतरेल त्यानं प्रकाश व्हायचं आणि चालायचं. फळ्यापाशी हेडमास्तर, म्हणजे पूर्ण आरसा. त्यांनी सगळ्यांना परत फिरवायचं. दारात मी, अर्धवट आरसा. मी थोडे बाहेर सोडायचे, तोच लेसर. "तुम्हाला विचार करूनच नेमलंय," सर मला म्हणाले.

मग सगळे थांबले. कुणी जवळून गेल्याशिवाय उतरायचं नाही, आणि जायला खाली कुणी नव्हतंच. पंधरा मिनिटं झाली. निरोपासाठी आणलेले वडे गार झाले.

झाडू घेऊन आलेल्या सोनूमावशी माझ्यामागून म्हणाल्या, "सर, समदी वरच हायत. मंग पयला कुनाला बघून उतरतो वो?"

सर मावशींकडे वळले. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच कुणीतरी तो नेमका प्रश्न विचारला होता.

"कुणालाच नाही, मावशी," ते म्हणाले. "पहिला आपला आपणच उतरतो. एकटा."

आणि ते उतरले. त्यांच्या जवळून जाण्यानं एकेक मूल उतरत गेलं, पावलाला पाऊल लावून. हेडमास्तरांनी सगळ्यांना फिरवलं. रांग दाराशी आली, सर सर्वांत पुढे.

माझं काम थोडा प्रकाश बाहेर सोडायचं होतं. मी दोन्ही हात दाराला लावून उभा राहिलो. मला सरांना सोडवेना.