गेल्या रविवारपेक्षा जरा लाल

"आई, तुझ्या टोमॅटोला दोरा का बांधलाय?"

घरात सगळे शिट्टी म्हणतात त्या लेकीने हा प्रश्न भर व्हिडिओ कॉलवर, पलीकडच्या देशात बसलेल्या मावशीच्या देखत विचारला. तुझी हिंमतच होणार नाही, असं वर्गातल्या तिघी मैत्रिणींनी तिला डिवचलं होतं. वर्षभरापूर्वी झालीही नसती. पण यंदा वक्तृत्वात बक्षीस मिळालं आणि शिट्टीला थांबवणं घरच्यांच्या हातात राहिलं नाही.

आधी थोडं आईच्या बागेविषयी. बाग म्हणजे बाल्कनीतल्या तीन कुंड्या. दोघी बहिणींचं ठरलं होतं की जिच्या झाडाचा टोमॅटो आधी लालभडक होईल, तिच्या घरी दुसरीने सुट्टीत यायचं आणि महिनाभर, नावं न ठेवता, तिच्या हातचं जेवायचं. आई जिंकली की मावशी इकडे येणार. म्हणजे सहा वर्षं मावशीकडे जायला टपलेली शिट्टी सातव्या वर्षीही त्या तीन कुंड्यांकडेच बघत बसणार.

आईच्या झाडाने पिवळी फुलं भरपूर दिली, टोमॅटो एकही नाही. अशा क्षुल्लक गोष्टीने आई थोडीच खचणार? तिने बाजारातले दोन टोमॅटो शिवणाच्या हिरव्या दोऱ्याने फांदीला बांधले. आधी कच्चे. मग मावशीचा कॉल दर रविवारी, म्हणून दर शनिवारी बाबांची बाजारात रवानगी. ऑफिसात पन्नास माणसांना कामाला लावणारे बाबा भाजीवाल्यापुढे मोबाईलमधला फोटो धरून म्हणत, "हाच आकार. फक्त गेल्या रविवारपेक्षा जरा लाल."

तर पुन्हा कॉलकडे. फळ जड झालं की आधार द्यावाच लागतो, असं आईने शांतपणे सांगितलं. पलीकडे मावशी खदखदून हसली.

"आधार? शाळेत माझ्या वहीतून गणितं उतरवायचीस, तेव्हाही हेच म्हणायचीस. थांब, तुला खरं झाड दाखवते."

तिने फोन झाडाला जवळजवळ चिकटवला. टोमॅटो देखणा होता, यात वादच नाही. त्याच्या शेजारी एक फूलही होतं. जांभळं.

दोन महिने रोज पिवळी फुलं बघितलेल्या शिट्टीच्या नजरेतून ते सुटणं शक्यच नव्हतं.

"मावशी, हे वांग्याचं झाड आहे."

पुढच्या मिनिटभरात दोघी बहिणींचं कित्येक वर्षांनी एकमत झालं. पोरगी फार आगाऊ झालीय आणि हे सगळे बापाचे लाड. पैज रद्द, कुणीच कुणाकडे जायचं नाही. पाच शनिवार उन्हात टोमॅटो निवडलेले बाबा काहीतरी बोलणार होते, पण आईकडे बघून त्यांनी पेपर उघडला.

कॉल संपल्यावर शिट्टीने कात्री आणली, दोरे कापले आणि दोन्ही टोमॅटो आई-बाबांसमोर टेबलावर ठेवले.

"सुट्टीत मी एकटी मावशीकडे जाणार," ती म्हणाली. "दोन घरांत मिळून एकीला तरी टोमॅटो पिकवता यायला हवा. आणि बाबा, तुमच्या मोबाईलमधले टोमॅटोचे सगळे फोटो मी माझ्याकडे घेऊन ठेवलेत, नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकायला. तिकीट खिडकीजवळचं काढा."