कर्णावर अडलेलं कपाट

बायकोच्या वाढदिवसाला तिला कपाट द्यायचं, तेही स्वतःच्या हातांनी जोडून, असं चष्मेवाल्यांनी जाहीर केलं तेव्हा मेहुण्याने पहिला प्रश्न विचारला, "दाजी, मापं कुणी घेतली?"

प्रश्न रास्त होता. दुकानात लोकांच्या डोळ्यांचे नंबर बिनचूक काढणारे चष्मेवाले घरात टेप हातात घेतली की हमखास तोंडावर पडत. मागे त्यांनी मोजूनमापून आणलेले पडदे खिडकीच्या मध्यावरच दमून थांबले होते. त्यात बायको पडली शाळेतली गणिताची बाई!

"मीच घेतली," चष्मेवाले ताठ मानेने म्हणाले. "तुझी ताई शाळेतून यायच्या आत कपाट उभं असेल."

दुपारपर्यंत दोघांनी हॉलमध्ये कपाट पाठीवर आडवं पाडून जोडलंसुद्धा. दारं तेवढी बसवायची राहिली होती. मेहुणा व्यायामशाळेत शिकवायचा. त्याने बाह्या सरसावल्या. "उंची दोनशे चाळीस सेंटिमीटर, छत अडीचशे. दहा मोकळे. चला, उचला!"

"थांब!" चष्मेवाले ओरडले. "उभं करताना ते तिरकं होणार. तिरकं माप जास्त भरतं. अरे, हा काटकोन त्रिकोण आहे!"

खोक्याच्या पुठ्ठ्यावर ते मांडी घालून गणिताला बसले. उंची दोनशे चाळीस, खोली सत्तर. दोघांचे वर्ग केले, बेरीज केली, बासष्ट हजार पाचशे. वर्गमूळ काढताना त्यांच्या कपाळावर घाम आला आणि मग ते ताडकन उठले.

"अडीचशे! पूर्ण अंक आला!"

शाळेत त्यांच्या प्रत्येक उत्तराला दशांशाची लांबलचक शेपटी असायची. पूर्ण अंक म्हणजे बरोबर उत्तर, एवढं एकच गणित त्यांना पक्कं ठाऊक होतं.

"छतही अडीचशेच की. मावेल?" मेहुण्याने विचारलं.

"मावेल म्हणजे? चपखल बसेल! हं, लाव जोर!"

कपाट उठलं, तिरकं झालं, आणखी उठलं, आणि ठक्! खरोखरच चपखल बसलं. खालचा कोपरा फरशीवर, वरचा छताला. ना पुढे, ना मागे. मेहुणा लोंबकळला, चष्मेवाल्यांनी पाठ लावली. सारी इमारत आपल्याच जिवावर उभी आहे अशा थाटात कपाट ढिम्म राहिलं.

तेवढ्यात बाहेरचं दार वीतभर उघडलं आणि कपाटाच्या पाठीवर आपटलं.

"अहो! दार का उघडत नाहीये? आत काय चाललंय?"

"तुला वाढदिवसाच्या शुभेच्छा!" चष्मेवाले क्षीण आवाजात म्हणाले.

मेहुण्याने फटीतून सगळं सांगून टाकलं. बाई जिन्यात उभ्या राहूनच म्हणाल्या, "कर्ण काढलात का?"

"काढला ना! अडीचशे!"

मग बाईंचा आवाज एकदम मऊ झाला. "अहो, तुम्ही स्वतः काढलात? बरोबर आहे की!"

"बरोबर आहे?"

"अगदी बरोबर! म्हणून तर अडकलं. अडीचशेच्या जागेत अडीचशेचा कर्ण फिरेल कसा? आता घ्या पेन्सिल. कर्ण धरा दोनशे एकोणपन्नास. एक बाजू सत्तर. दुसरी किती?"

चष्मेवाल्यांच्या अंगात वारं शिरलं. या वेळी बेरीज नाही, वजाबाकी! "सत्तावन्न हजार एकशे एक... मूळ... दोनशे एकोणचाळीसला किंचित कमी! अगं, उंची सेंटिमीटरभराहून थोडीशीच जास्त आहे!"

"शाब्बास! उंचीत माथ्यावरची पट्टी धरली होतीत?"

"धरली होती. चांगली दोन सेंटिमीटर जाड आहे!"

"मग ती काढा!"

पट्टीचे स्क्रू आतून होते. मेहुणा पेचकस घेऊन कपाटात चढला. "एक निघाला! दुसरा निघाला! ताई, शेवटचा..." पट्टी सुटली, कपाट करकरलं आणि मेहुण्यासकट धाडकन सरळ उभं राहिलं. आतून "आई गं!" ऐकू आलं. चष्मेवाले टाळ्या पिटत नाचू लागले.

कपाट भिंतीकडे सरकवल्यावर बाई आत आल्या. त्यांनी हात फिरवून पाहिला, कोपरे पाहिले. डोळ्यांत पाणीच आलं त्यांच्या.

"फार सुरेख झालंय हो. पण हॉलमध्ये कपाट?"

"छे, छे! ठेवायचंय बेडरूममध्येच. तिथे पलंगामुळे जोडायला जागा नव्हती, म्हणून इथे जोडलं."

तिघांनी एकदमच बेडरूमच्या दाराकडे पाहिलं. ते होतं जेमतेम दोनशे सेंटिमीटर उंच.

"म्हणजे परत आडवं," बाई पुटपुटल्या.

"आणि तिकडे परत उभं!" चष्मेवाल्यांचे डोळे चमकले. त्यांनी पुठ्ठा उलटा केला. "तिथलं छत किती गं? तू फक्त दोन बाजू सांग, तिसरी मी काढतो!"

मेहुणा परत कपाटात जाऊन बसला.