तुक्कूचे वैरी माधवअण्णा

माधवअण्णा माणसाच्या तोंडाकडे बघण्याआधी त्याच्या फाटकाच्या बिजागरीकडे बघतात. राजाजीनगरातला त्यांचा वरचा मजला भाड्याने घ्यायला आम्ही नवरा-बायको गेलो, तेव्हा मी हसून नमस्कार केला. अण्णा तोवर माझ्या स्कूटीसमोर उकिडवे बसून सायलेन्सरवर बोट फिरवत होते. "तुक्कू!" ते म्हणाले. तुक्कू म्हणजे कन्नडमध्ये गंज. बाकीचे लोक बंगळुरात येऊन आधी "ऊटा आयता?", म्हणजे जेवण झालं का, असं विचारायला शिकतात, मी तुक्कू शिकले.

अण्णांचं घराणं इथलं कधीपासूनचं, ते त्यांनाही सांगता येत नाही. मराठी आमचीच, पण मधेमधे कन्नडची फोडणी. पीण्या औद्योगिक वसाहतीत त्यांचा छोटा कारखाना होता. नटबोल्टांवर जस्ताचा थर चढवायचा, म्हणजे गंज लागत नाही. कारखाना विकला, पण हाताची खाज गेली नाही. संध्याकाळी तेलाची कुप्पी आणि तारेचा ब्रश घेऊन निघतात आणि गल्लीतली फाटकं कोणी न सांगता दुरुस्त करून येतात. कोपऱ्यावरच्या बाईंनी एकदा तक्रार केली, की फाटक वाजेनासं झाल्यापासून सासूबाई आलेल्या कळत नाहीत. अण्णांनी तिकडे साफ कानाडोळा केला.

त्यांच्या पत्नी पद्माअक्का. बारीक अंगाच्या, हसतमुख, आणि हृदय कमजोर झालेलं. चार पायऱ्या चढल्या की थांबतात. हृदयाचा पंप थकलाय, हे अण्णांना पटकन कळलं, पंप त्यांच्या ओळखीचा. पण तो थकत का जातो, असं त्यांनी डॉक्टरीणबाईंना खोदून खोदून विचारलं. बाईंनी समजावलं, की शरीर प्राणवायू वापरतं तेव्हा काही उपद्रवी कण तयार होतात. धडधाकट शरीर त्यांना आवरतं. थकलेल्या हृदयात ते आवरेनासे होतात आणि स्नायूंनाच इजा करत राहतात.

"म्हणजे तुक्कू!" अण्णा खुर्चीतून उठले. "हृदयाला तुक्कू! आतून कोटिंग करता येतं काय हो, डॉक्टर?"

"तसं करता आलं असतं, तर आधी तुम्हालाच बोलावलं असतं," बाई म्हणाल्या.

अण्णा हटले नाहीत. आवळे आणले, डाळिंबं आणली, गंज रोखणाऱ्या म्हणून कुठल्याशा गोळ्यांची बाटली आणली. बाईंनी फळं ठेवली आणि बाटली परत करायला लावली. असल्या गोळ्यांनी हृदयाला गुण येतो असं दिसलेलं नाही, त्यापेक्षा औषधं वेळेवर द्या, मीठ कमी करा, रोज वजन बघा, असं बजावलं. अण्णा दोन दिवस हिरमुसले. मग त्यांनी तेवढ्या तीन गोष्टींचं व्रतच घेतलं. रोज सकाळी अक्का वजनकाट्यावर उभ्या राहतात आणि अण्णा कॅलेंडरवर आकडा लिहितात. अंगात पाणी साठलं तर आधी काट्याला कळतं. मीठ दोघांना मिळून दिवसाला ठरलेलं, एका छोट्या डबीत. "मीठ म्हणजे तुक्कूची आई," अण्णा सांगतात. कारखान्यात ते बोल्टांवर मिठाचं पाणी फवारून थर किती टिकतो ते तपासत.

त्या डबीपायी अण्णा स्वतःही तसलंच अळणी सारू, म्हणजे आपलं सार, भातावर घेऊन जेवतात आणि वर "बेष्ट!" म्हणतात. मला या माणसाचं फार कौतुक वाटतं.

म्हणूनच मी घोळ घातला. एका शनिवारी दोघं तपासणीला गेले होते आणि गॅसचा सिलिंडर घ्यायला किल्ली माझ्याकडे होती. सिलिंडर आत ठेवताना त्यांच्या झोपायच्या खोलीचं दार ढकललं, तर ते असं किंचाळलं की मी दचकले. बिजागरी लालभडक गंजलेली. अण्णांच्या घरात! मला हसूच आलं. सगळ्या गल्लीची दारं बघताना बिचाऱ्यांना स्वतःच्या दाराला सवड मिळाली नसेल. त्यांचीच कुप्पी घेतली, बिजागरी घासूनपुसून लोण्यासारखी केली आणि सरप्राइज द्यायला थांबले.

अण्णा आले. दार उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं. त्यांचा चेहरा उतरला.

"कोणी केलं हे?"

"मी! मस्त झालं ना?"

"सरी, ठीक आहे," एवढंच म्हणून ते आत गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी अक्का अंघोळीला गेलेल्या असताना मी खाली गेले. अण्णा रॉकेलच्या बोळ्याने बिजागरीवरचं तेल पुसत होते. डोळे जागरणाने सुजलेले. बाजूला फवाऱ्याची छोटी बाटली.

"काय आहे त्यात?"

"मिठाचं पाणी." त्यांनी आवाज खाली आणला. "आडवं पडलं की तिला कधीकधी दम लागतो. मग उठते नि व्हरांड्यात जाऊन बसते. मला उठवत नाही, झोप मोडते म्हणते. एकदा पहाटे दूध घ्यायला उठलो, तर खांबाला टेकून बसलेली, ओठ निळे. किती वेळ तशी होती, देवाला ठाऊक. घरातली दारं सगळी मीच गुळगुळीत केलेली. ऐकू येणार कसं, सांग?"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"जन्मभर तुक्कूशी भांडलो," अण्णा फवारत म्हणाले, "आता त्यालाच राखणीला बसवलंय. स्वल्प दिवस लागतील परत चढायला. तोवर दाराशी खुर्ची टाकून बसतो. अक्काला सांगू नको, हं."

मी सांगितलं नाही. पण पुढच्या आठवड्यात दुपारी व्हरांड्यात शेंगा सोलताना अक्काच म्हणाल्या, "दाराला तेल तूच घातलंस ना?"

मी मान खाली घातली.

"डबीतलं मीठ मोजून वापरते मी. त्यातलं चिमूट चिमूट कुठे जातं, मला कळत नाही होय? दार वाजत नव्हतं ते चार दिवस मीच चपला फटफट वाजवत उठले, बाई."

"मग अण्णांना सांगत का नाही?"

"बेडा, नको ते. हाक मारायला माझी जीभ वळत नाही. दार आहे, ते बरंय." त्यांनी शेंग सोलली. "फक्त अर्धं उघडून वाजत नाही ते. पूर्ण ओढावं लागतं."

काल दुपारी मी वर लॅपटॉप घेऊन बसले होते. खालून दार किंचाळलं, लांबलचक, अगदी शेवटपर्यंत. पाठोपाठ अण्णांचा आवाज आला, "मलाही झोपच नव्हती बघ." मग व्हरांड्यात दुसरी खुर्ची सरकल्याचं ऐकू आलं.