टाकीचा अर्ज

फिजीतल्या आमच्या बेटावर इसिकेली गावप्रमुख झाला आणि शब्दकोशातले पाच अवघड इंग्रजी शब्द रोज सकाळी पाठ करू लागला. त्याची बायको लोसाना म्हणायची, "अहो, पाच बादल्या पाणी आणलंत तर कामी येईल." वादळात गावची पाण्याची टाकी फुटली होती आणि झरा डोंगरापलीकडे होता.

टाकीसाठी सरकारी कचेरीला अर्ज करायचं ठरलं आणि इसिकेलीला स्फुरण चढलं. आमच्याकडे मागणं घेऊन जाणारा आधी समोरच्याच्या पूर्वजांचे, उपकारांचे गोडवे गातो. गरज शेवटी, हळूच, आडवळणाने. त्याने हा सगळा रिवाज इंग्रजीत ओतला. तीन पानं झाली. टाकी हा शब्द त्याला गावंढळ वाटला, म्हणून त्याऐवजी दीड ओळीचं वर्णन घातलं.

महिन्याभराने टाकी नाही, कचेरीचे साहेबच आले. सोबत एक कारकून आणि रिवाजाप्रमाणे यांगोनाची मुळी. पाहुण्यांनी आणलेली मुळी कुटायची, पाण्यात कालवायची आणि सगळ्यांनी मिळून प्यायची. नाही म्हणायची सोय नाही. गावात उरलेलं दीड बादली पाणी त्यातच गेलं. लोसानाने रिकामी बादली जवळ ओढून ठेवली.

साहेबांनी वाटी रिकामी केली. "तुमचं पत्र वाचलं. इतकं सुंदर आभारपत्र आजवर कुणी पाठवलं नव्हतं."

"आभार कसले?" इसिकेलीने विचारलं.

"टाकी मिळाल्याचे. टाकी पोचली अशी नोंद करून आम्ही फाइल बंद केली. म्हटलं, जाऊन बघून तरी यावी."

लोसानाने रिकामी बादली त्यांच्यापुढे उपडी केली. "ही बघा."

साहेबांचा चेहरा उतरला. पत्र कचेरीत एकालाही कळलं नव्हतं, पण तसं म्हणणार कोण? प्रत्येकाने मान डोलावून ते पुढच्या टेबलावर सरकवलं होतं. आता फाइल उघडायला नवा अर्ज हवा होता. लोसानाने सांगितलं, कारकुनाने लिहिलं: टाकी मिळाली नाही. टाकी द्या.

साहेबांनी कागद उलटसुलट करून पाहिला. "हे फारच साधं झालं हो. वरच्यांपुढे ठेवायचं म्हणजे... प्रमुख, चार जड शब्द घालून देता का?"

सगळं गाव इसिकेलीकडे बघू लागलं. शब्द जिभेवर अगदी तयार होते, पण आयुष्यात पहिल्यांदा त्याला त्यांची लाज वाटली.

"नको साहेब," तो म्हणाला. "या वेळी टाकी यायला हवी. गावात तान्ही लेकरं आहेत."