प्रतीक्षारत पंचवीस

गावाची लोकसंख्या एकतीस होती आणि गावात येणाऱ्या बसची संख्या शून्य होती. या दोन्ही आकड्यांवर परिवहन कार्यालय पूर्ण समाधानी होते.

शिंपीकाका मात्र नव्हते. त्यांच्या नातवाला तिसरे वर्ष लागले होते आणि काकांनी त्याला अजून फोटोतच पाहिले होते. मोठ्या रस्त्यापासून गाव अकरा किलोमीटर आत. कडेवर पोर घेऊन लेक तेवढे चालणार कशी? आणि काकांच्या गुडघ्यांनी तर केव्हाच राजीनामा दिलेला. नातवासाठी शिवलेले दोन सदरे पेटीतच लहान झाले होते, तिसरा मशीनवर होता.

काकांनी बससाठी अर्ज केला. उत्तर आले: 'ज्या थांब्यावर किमान पंचवीस प्रवासी सलग तीन महिने, सकाळी आठ ते संध्याकाळी पाच, उभ्याने बसची प्रतीक्षा करताना आढळतील, त्याच थांब्यास फेरी मंजूर होईल. सध्या आपल्या थांब्यावर कोणीही बसची वाट पाहत नाही.'

"अहो, बसच नाही तर वाट कुणाची बघायची?" काकूंनी विचारले.

"तेच म्हणतायत ते. आधी बघा, मग येईल."

एकतीसमधून अंथरुणाला खिळलेले दोघे आणि पाळण्यातले एक वजा केले. उरलेले अठ्ठावीस जण वडाखाली रांगेत उभे राहिले. त्यांना मोजायला मोजणीसाहेब रोज मोटारसायकलवरून येत, कारण गावाला बस नव्हती.

पहिल्याच दिवशी काका मशीन घेऊन आले. साहेबांनी हरकत घेतली. "शिवणारा माणूस प्रतीक्षेत धरता येत नाही. तो कामात असतो." न्हाव्याने रांगेतच एकाची दाढी सुरू केली, तेव्हा बारकाईने विचार करून साहेबांनी निर्णय दिला की करणारा कामात, करून घेणारा मात्र प्रतीक्षेत. काका मग पाठीमागे हात घेऊन, चाचपडत, सदऱ्याची काजे करू लागले.

तीन महिन्यांत शेतात गुडघाभर गवत माजले. पण बस मंजूर झाली! पत्राच्या तळाशी बारीक अक्षरात लिहिले होते: 'थांब्यावरील प्रतीक्षा पंचविसाखाली गेल्यास बसची गरज संपली असे समजून फेरी बंद करण्यात येईल.'

"म्हणजे बसमध्ये चढायचंच नाही?" न्हाव्याने विचारले.

"चढा की! अडवलंय कोणी?" साहेब म्हणाले. "फक्त तिघांनी."

पहिल्या दिवशी बस आली. चिठ्ठी निघालेले तिघे चढले. आणि पोराला कडेवर घेऊन काकांची लेक उतरली.

"बाबा!"

काका धावले. म्हणजे एक पाऊल धावले.

"चोवीस," साहेब म्हणाले.

काका मागे सरले. शेजारी काकू पदर तोंडाला लावून उभ्या होत्या. त्या चोविसाव्या होत्या.

"साहेब, बाबांच्या जागी मी उभी राहते," लेक म्हणाली.

"तुम्ही उतरलात, म्हणजे पोहोचलात. पोहोचलेला माणूस प्रतीक्षेत कसा धरायचा?"

लेकीने मग पोरालाच काकांच्या हातात दिले. काकांनी उभ्याउभ्या त्याच्या अंगात सदरा घातला. नेमका बसला. काकांना रडू आवरेना.

"आजोबा, तुम्ही कुठे जाणार?"

"कुठेच नाही रे. बस यावी म्हणून उभे आहोत."

त्या बसमध्ये तुम्हीही होतात, खिडकीपाशी. तुम्ही ती रांग पाहिलीत. "काय रिकामटेकडी माणसं! दारात बस आली तरी चढत नाहीत," असे म्हणालात, आणि शेजारच्या रिकाम्या जागेवर आपली पिशवी ठेवलीत.